आश्रय आणि वर्गणी: पुणे व पंढरपूर

एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाहाची मुभा नव्हती. मात्र ती गर्भवती राहिली, तर सारा दोष तिच्याच माथी येई. काशीबाई नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल अंदमानची शिक्षा झाली. त्या घटनेने व्यथित होऊन १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घराच्या आवारातच बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी जाहिरात भिंतींवर लावण्यात आली. १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथे आल्याची नोंद जोतीरावांनी केली आहे. तेथेच जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले.

अशा कार्यासाठी निधी मिळणे मुळातच अवघड. देणगीदाराला कामाचा पुरावा हवा असतो. येथे तर आश्रितेचे नाव झाकणे हेच पहिले कर्तव्य. म्हणून देणाऱ्याचा विश्वास चालकांच्या चारित्र्यावरच उभा राहतो.

१८७५ मध्ये न्यायखात्यातील अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात असेच गृह सुरू झाले. यात्रेच्या या गावी टाकून दिलेली अर्भके सापडत. या गृहामागे प्रार्थनासमाज उभा राहिला. पुढे ते वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

पुण्याचे गृह एका दांपत्याच्या सेवेवर चालले. पंढरपूरच्या गृहाला संघटनेचा आधार लाभला. पहिल्याने वाट पाडली, दुसऱ्याने ती पुढच्या पिढ्यांसाठी खुली ठेवली.