हॉस्पिटलच्या भिंतीवरची घंटा

आजच्या एपिसोडमध्ये एका घंटेची गोष्ट. देवळातली नाही, हॉस्पिटलमधली.

साल १९९६, अमेरिकेतलं ह्यूस्टन. तिथल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये रिअर ॲडमिरल अर्व्ह ल मॉइन रेडिएशन घेत होते. काम फत्ते झालं की घंटा वाजवायची ही नौदलाची रीत, आणि आपण ती पाळणार, असं त्यांनी डॉक्टर कियान अँग यांना सांगून ठेवलं होतं. शेवटच्या सिटिंगला ते खरंच पितळी घंटा घेऊन आले, वाजवली आणि तिथेच देऊन गेले. ती भिंतीवर लावली गेली. मग उपचार संपलेले पेशंट ती वाजवायला लागले. बघता बघता ही पद्धत ब्रिटनमध्ये, आपल्या भारतातसुद्धा आली.

आता गंमत बघा. ल मॉइन होते नेव्ही सील. सीलच्या ट्रेनिंगमध्ये उमेदवाराने घंटा वाजवली, तर त्याचा अर्थ 'मला जमत नाही, मी सोडतो'. हॉस्पिटलात मात्र तिचा अर्थ झाला 'मी पार पडलो'. म्हणजे अर्थ घंटेत नसतो, आपण तो देतो.

पण १९९७ मध्ये ल मॉइन गेले. घंटा वाजली म्हणजे सगळं संपलं, असं नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात तर उलटंच दिसलं: घंटा वाजवणाऱ्यांना उपचारांचा त्रास नंतर जास्त आठवत होता. त्या क्षणी भावना इतक्या उसळतात की त्रासाची आठवणही पक्की होते, असा संशोधकांचा अंदाज.

माझ्या मावशीच्या रेडिएशनला मी सोबत जायचो. तिथेही घंटा होती. ती वाजली की नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. एकदा शेजारच्या काकू टाळ्या वाजवून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "आमचं काही संपणारं नाही हो." त्यांचे उपचार कायमचे होते.

त्या दिवसापासून मला वाटतं, घंटा काढू नये, तिचा अर्थ पुन्हा एकदा बदलावा. 'जिंकलो' ऐवजी 'तुमचे आभार'. आभार मानायला उपचार संपायची वाट कशाला बघायची? मग ती काकूंनाही वाजवता येईल, अगदी कुठल्याही मंगळवारी.

शेवटच्या दिवशी मावशी घंटेपाशी गेली आणि थांबली. काकूंकडे बघून म्हणाली, "वाजवू ना?"

काकू म्हणाल्या, "वाजवा की. माझ्याही वाटची वाजवा."

मावशीने दोनदा वाजवली.