शब्दांच्या चाळणीतून निसटणारा वाचक

१/ साल १९६६. अमेरिकी शासनाने शैक्षणिक संशोधनासाठी ‘एरिक’ हे माहितीकेंद्र उभारले. त्याच वर्षी ‘हूक्ड ऑन बुक्स’ प्रसिद्ध झाले. मिशिगनच्या सुधारगृहातील, पुस्तकांकडे पाठ फिरवलेल्या मुलांच्या हाती डॅनिएल फेडर यांनी स्वस्त पेपरबॅक पुस्तके दिली, त्या प्रयोगाची ती हकीकत.

२/ अशा मुलांवरील संशोधन शोधायचे कसे? एकाच मुलाला कोणी ‘अनिच्छुक वाचक’ म्हणतो, कोणी त्याच्यात ‘वाचनप्रेरणेचा अभाव’ नोंदवतो. म्हणून समानार्थी शब्द ‘किंवा’ने जोडावेत, मग ‘आणि’ने वयोगट. या जोडणीमागचे तर्कगणित जॉर्ज बूल यांनी १८४७ मध्ये मांडले.

३/ ‘नाही’ मात्र जपून वापरावे. ‘वाचनदोष’ वगळला, की दोष आणि अनिच्छा यांतील भेद तपासणारे लेखही गळतात. वाचता न येणे आणि वाचावेसे न वाटणे यांतील सीमारेषा ज्यांत उलगडते, नेमके तेच हातचे जातात.