कर्डकांचा जलसा

२ मार्च १९३० रोजीं नाशकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो इतिहास भीमराव कर्डक व त्यांच्या सोबत्यांच्या जलशावांचून सांगणें आम्हांस अपुरें वाटतें. सभेंतील विचार निरक्षर खेडुतांच्या कानीं घातला तो या मंडळींनीं. सत्यशोधकी जलशांची वाट आधींच मळलेली होती, ढोलकीही तमाशाचीच. गौळण मात्र त्यांनीं वगळली, आणि पाणवठा, देऊळ, शाळा यांवरील संवाद रंगवले. देवाचें दार बंद असतां त्याच्या लीला कां गाव्या? आमच्या मतें खरें धाडस हेंच. कारण गौळणीच्या थट्टेला सोकावलेला प्रेक्षक उठून जाण्याचा धोका त्यांत होता. या जलशांची हकीकत कर्डकांनीं पुढें स्वतःच ग्रंथरूपानें लिहून ठेविली.