गोव्यातील प्रशासकीय स्थित्यंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. सालाझारच्या हुकूमशाहीत गव्हर्नर-जनरल लिस्बनहून नेमला जाई, तर गावात सरकारनियुक्त रेजेदोर कारभार पाही. निवडणूक होती ती नावापुरतीच.

आधी मेजर जनरल कँडेथ लष्करी राज्यपाल झाले. जून १९६२ मध्ये मुलकी प्रशासन आले. १९६२च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे एकदम मोडीत काढले नाहीत, आणि तेच शहाणपणाचे ठरले. जुन्या नोकरवर्गाला सामावून घेण्यासाठी १९६५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. नाहीतर पोर्तुगीज दप्तर वाचणार कोण?

डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडून आली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्याआधीच ग्रामपंचायती आल्या होत्या. १९६४चा कूळ कायदा आणि १९६८ची जमीन महसूल संहिता यांनी शेतापर्यंत बदल पोहोचवला. महाराष्ट्रात शेतकरी सातबारा मागतो, गोव्यात ‘एक-चौदा’चा उतारा. लग्नाची नोंद मात्र आजही पोर्तुगीज काळातील कायद्यानुसार होते: आधी निबंधकासमोर विवाहेच्छेची नोंद, मग ठरावीक मुदतीनंतर पुन्हा सह्या.