खारेपाटातला राता

पेण तालुक्यातील डोलवीच्या परिसरातला खारेपाट धरमतर खाडीला बांध घालून शेतीखाली आला. बांधातल्या उघाडीला लाकडी झडप असे: ओहोटीला शेतातले पाणी बाहेर पडे, भरतीच्या दाबाने झडप आपोआप मिटे. बांध फुटला की शेत पुन्हा खारे होई, म्हणून डागडुजीला सगळे मिळून उतरत. १९४८च्या मुंबई खारजमीन कायद्याने या कामात सरकारही आले. इथल्या खाऱ्या मातीत तगले ते लाल तांदळाचे राता भात. पनवेलच्या संशोधन केंद्राने त्यातूनच काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे वाण निवडले. रात्याचा उतारा मात्र कमी. पुढे पनवेल १, २ आणि ३ या वाणांनी त्याची जागा घेतली.