पट एक, आडनावही एकच

2024 च्या एप्रिलमध्ये टोरंटोत कँडिडेट्स चालू होती, तेव्हा प्रज्ञानंद आणि वैशाली या भावंडांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. पण ती दोघं एकमेकांसमोर बसणारच नव्हती. तो खुल्या गटात, ती महिला गटात. घरच्यांना केवढी सोय!

मुंबईच्या खाडिलकरांकडे ही सोय नव्हती. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री, रोहिणी. 1974 साली पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. 1975 ला जयश्री. 1976 ला तेरा वर्षांची रोहिणी. पुढे रोहिणीने 1977, 1979, 1981 आणि 1983 लाही विजेतेपद मिळवलं.  पहिल्या दहा वर्षांत सगळी विजेतेपदं एकाच घरात.

आपण ही यादी ‘काय घराणं आहे!’ म्हणून वाचतो. मला त्यात दुसरंच दिसतं. ज्या वर्षी एक बहीण जिंकली, त्या वर्षी दुसरीचं विजेतेपद घरातच हुकलं. शिवाय समोरच्या खेळाडूला चकवायचं म्हणजे तिला माहीत नसलेलं काहीतरी आपल्याकडे हवं. बहिणीला काय माहीत नसतं? आमच्या भाषेत सांगायचं तर दोघींचा कोडबेस एकच.

त्यात भावंडांचा डाव बाहेरून नेहमीच संशयाने बघितला जातो. पटकन बरोबरी झाली की ‘आधीच ठरलं होतं’, एक हरली की ‘सोडला असेल’. एकाच देशाच्या खेळाडूंबद्दलही हीच शंका असते. म्हणून साखळी स्पर्धेत त्यांचे आपसातले सामने शक्यतो सुरुवातीच्या फेऱ्यांत उरकतात. पण एका घरातल्यांचं काय करणार? 2022 मध्ये मोनॅकोला आना आणि मारिया मुझिचुक या युक्रेनच्या बहिणी कँडिडेट्सच्या एकाच गटात होत्या. दोघी जिंकल्या असत्या, तर उपांत्य फेरीत समोरासमोर आल्या असत्या. आना जिंकली, पण मारिया चीनच्या लेई टिंगजीकडून हरली. मग लेईने आनालाही हरवलं.

रोहिणीने 1976 मध्येच पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळून दाखवलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की बायकांना अशा स्पर्धांपासून अडवता येणार नाही. लोक ही गोष्ट स्त्री-पुरुष समानतेची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण महिला गटात तुमच्या तोडीची खेळाडू घरातलीच असेल, तर बाहेरचा तगडा प्रतिस्पर्धी शोधायला दुसरीकडेच जावं लागतं, असंही मला वाटतं.

जयश्री 1979 मध्ये आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झाली, भारतातली पहिली. रोहिणी 1981 मध्ये आशियाई विजेती. राष्ट्रीय विजेतेपदावर नवं आडनाव आलं ते 1985 मध्ये: भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे.