मुसा दागचा हरिसा

लेबनॉनमधील बेका खोऱ्यात अंजर नावाचे एक आर्मेनियन गाव आहे. दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यास, पवित्र क्रूसाच्या सणाच्या आदल्या रात्री, तेथे मोठमोठे हंडे चुलांवर चढतात. त्यांत सडलेला गहू आणि मांस शिजत असते. ढोल आणि झुर्ना या सनईसारख्या वाद्याच्या साथीने रात्र जागवली जाते. सकाळी धर्मगुरू त्या अन्नाला आशीर्वाद देतात आणि मग घोटून एकजीव झालेला तो हरिसा साऱ्यांना वाटला जातो.

अंजरचे हे लोक मूळचे तेथले नव्हेत. भूमध्य समुद्राकाठी, अंताक्याजवळच्या मुसा दाग या डोंगराच्या उतारांवर त्यांची सहा गावे होती. १९१५ साली ऑटोमन सरकारने आर्मेनियनांच्या हद्दपारीचे हुकूम काढले आणि त्या संहारात लाखो माणसे नाहीशी झाली. मुसा दागच्या बहुसंख्य ग्रामस्थांनी मात्र हुकूम न मानता डोंगर जवळ केला आणि शस्त्र हाती घेतले. समुद्राच्या दिशेने फडकावलेली त्यांची निशाणी अखेर एका फ्रेंच युद्धनौकेच्या दृष्टीस पडली. सप्टेंबरात ४,००० हून अधिक माणसे पोर्ट सैदला सुखरूप पोहोचली. महायुद्ध संपल्यावर ती परतली खरी. पण १९३९ साली तो मुलूख तुर्कस्तानकडे गेला, तेव्हा बहुतेकांनी पुन्हा घरांना कुलपे लावली आणि अंजर वसवले. तेथील सहा वस्त्यांना जुन्या सहा गावांचीच नावे आहेत. हरिसाचा हंडा चढतो तो त्या डोंगराच्या आठवणीसाठी.

आता हा पदार्थ केवळ आर्मेनियनांचा आहे काय? तसे म्हणवत नाही. दहाव्या शतकातील बगदादच्या पाकग्रंथात हरिसा आढळतो आणि त्याचे नाव 'कुटणे' या अर्थाच्या अरबी धातूवरून आले आहे. आर्मेनियन लोककथा मात्र ते नाव संत ग्रेगरीच्या 'घोटा' या आज्ञेशी जोडते. याच जातीच्या 'केश्केक'ची २०११ साली तुर्कस्तानच्या नावे युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. लवाश ही पातळ रोटी २०१४ मध्ये आर्मेनियाच्या नावे नोंदली गेली आणि २०१६ मध्ये इराण, तुर्कस्तान, अझरबैजान आदी पाच देशांच्या संयुक्त नोंदीतही आली. हैदराबादच्या वाचकांना तर हे कुळ परके नाही. निजामाच्या पदरी असलेल्या अरब शिपायांच्या बारकस वस्तीतला हरीस आणि डाळी-मसाल्यांनी सजलेला हलीम हे त्याचेच भाऊबंद होत.

मग आर्मेनियनांचे स्वतःचे असे त्यात काय? याचे उत्तर दुसऱ्या एका हकिकतीत सापडते. संहारातून वाचलेल्या पैलाद्झो काप्तानियन यांनी १९४० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या घरी भाड्याने राहणाऱ्या एका तरुण विवाहितेला आर्मेनियन पद्धतीचा पिलाफ शिकवला. तिच्या सासरची शेवयांची कंपनी होती. १९५८ साली त्या कंपनीने तोच पदार्थ 'राइस-अ-रोनी' या नावाने पाकिटात घालून बाजारात आणला आणि तो सॅन फ्रान्सिस्कोची खासियत म्हणून खपला. चव घरोघर पोहोचली. ती कोणाची आणि कोठून आली हे मात्र मागे राहिले.

हरिसाचे तसे झाले नाही, कारण तो कृतीच्या आधाराने टिकलेला नाही. त्याच्याभोवती तिथी आहे, गावांची नावे आहेत, रात्रभराचे जागरण आहे. शेजारी चर्च आणि आर्मेनियन शाळाही आहे. हे सारे असूनही विखुरलेल्या आर्मेनियनांच्या पश्चिमी बोलीची २०१० साली युनेस्कोने संकटग्रस्त भाषांत गणना केली. जिभेवरची चव जिभेवरच्या शब्दांहून अधिक काळ टिकते, हा देशांतर केलेल्या सर्वच समाजांचा अनुभव आहे.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या आपल्या घरांतही सणाला पुरण शिजते. ते शिजत असताना चुलीपाशी बसलेल्या मुलांशी आपण कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणत्या गावाची गोष्ट सांगतो, हा प्रश्न अंजरचा तो हंडा आपल्यालाही विचारतो.